काईनं सोडलेली अक्षरं

गोंदिया जिल्ह्यातल्या घरांची तोंडं सगळ्यायनं पाहिली असतील, पण घरांच्या पाठी पाहिलेला माणूस एकच, अन् तो माझ्या बायकोचा मामा. आमी त्यायले मामाजी म्हणतो. दुसरा कोणी पाहुणा आला की ओसरीत बसते, पाणी पिते, पंख्याकडे पाहून "गरमी लय आहे" म्हणते. मामाजी चप्पल काढायच्या आधी घरामागं जातात अन् भिंतीले नाक लावून उभे राहतात. भिंतीवर ते हिरवं, काळं, कुठं लालसर चढते ना, ज्याले आपण काई म्हणतो अन् दिवाळी आली की तारेच्या ब्रशनं खरडतो, ते मामाजी असे वाचतात जसा तुमी पेपर वाचता. तुमी म्हटलं मी, कारण मले पेपर वाचता येत नाही. हे पण मी बोलून राहिलो अन् माझी पोरगी लिहून राहिली, अन् मधातमधात मलेच हसून राहिली.

माझा धंदा घरं रंगवायचा. म्हणजे मी ज्याले जन्मभर खरडलं, त्याच्यावर मामाजीचा जीव. मामाजी नोकरीले नहरावर होते, पाणी सोडायले. तलावाच्या पाळीवर दगडाले हिरवी रेघ राहते, ती पाहून ते सांगत की पाणी कुठवर चढलं होतं अन् कधी उतरलं. साहेब लोक मोजायची पट्टी घेऊन यायचे, तिच्यावरचे आकडे केव्हाचे पुसलेले. मग साहेब हळूच मामाजीले विचारायचे, अन् मामाजी दगडावर बोट फिरवून सांगायचे. तिथून जे बोट काईवर पडलं ते पडलंच. त्यायचं घर बिरसीच्या बाजूले. तिथं विमान चालवायची शाळा आहे, पोट्टे दिवसभर डोक्यावर गिरक्या घेऊन राहतात. गावातली म्हैससुद्धा एकदा मान वर करून पाहते. मामाजीनं कधी वर पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, "पाहा ना जी, किती खाली आलं ते!" तर भिंतीवरून नजर न काढता म्हणाले, "ते चढते अन् उतरते, जवाईबापू. हे फक्त चढते."

मामाजीची एक खोड सांगून ठेवतो. जवाई म्हणून मले ते सदा अहो-जाहो करतात, शिव्या देतानासुद्धा. "जवाईबापू, तुमी गधे आहात" हे वाक्य मी त्यायच्या तोंडून इतक्या इज्जतीनं ऐकलं की दुसऱ्या कोणी गधा म्हटलं तर मले अपमान वाटते. मुर्रीले मी माझं स्वतःचं घर बांधलं, हातानं रंगवलं, पिस्त्यासारखा रंग दिला, अन् मामाजीले मुद्दाम दाखवायले बोलावलं. एक पावसाळा होऊन गेला होता. मामाजी सरळ मागं गेले, पाच मिनिटं भिंतीजवळ राहिले, बोट फिरवलं, वास घेतला. मले वाटलं आता शाबासकी येते. म्हणाले, "रंगात भाताची पेज टाकली होती ना?" रंग चिकटून राहावा म्हणून चुन्याच्या रंगात मी पेज टाकत होतो. माझं गुपित होतं ते, बायकोलेसुद्धा माहीत नव्हतं, तिले वाटे पेज मीच पितो. मामाजी म्हणाले, "जवाईबापू, लोक भिंत रंगवतात. तुमी काईले जेवाले वाढलं." त्या वर्षी माझ्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर अशी गच्च काई आली की शेजारची बकरी येऊन चाटत होती. अन् मी गोंदियाभर पेंटर म्हणून फिरत होतो!

पण हसण्याची गोष्ट हसण्यापुरती. खरं सांगतो, ह्या माणसानं मले एकदा असं काही दाखवलं की माझी बोलती बंद झाली, अन् माझी बोलती बंद होत नाही हे सगळ्यायले माहीत आहे. मे महिना होता. आपला मे म्हणजे काय ते सांगायले नको, लोखंडाच्या फाटकाले हात लागला तर फोड येते. मामाजीच्या उत्तरेच्या भिंतीवर काळी खपली वाळून कोळसा झाली होती. मी म्हटलं, "मेली जी तुमची काई." मामाजीनं घरातून तांब्याभर पाणी आणलं, त्या काळ्यावर हळूच सोडलं अन् मले म्हणाले, "बसा." मी बसलो. "बोलू नका." हे जड होतं, पण नाही बोललो. अन् पाहतापाहता, तिथंच माझ्या डोळ्यांसमोर, ते काळं फुगल्यासारखं झालं अन् आतून हिरवं वर आलं. सात-आठ महिने पाण्याचा थेंब नाही, वरून ती आग, अन् एका तांब्यात उठून बसलं! मी तीस वर्षं हजार भिंती खरडल्या, मले वाटे मी घाण काढून राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी झोपलेल्या लोकायले ब्रशनं घासून राहिलो होतो. मामाजीनं रिकामा तांब्या कपाळाले लावला, जसा आपण देवळातून निघताना हात लावतो, अन् आत गेले.

अशा माणसाचं लगन कसं जमावं? नाहीच जमून राहिलं होतं. मुलगी पाहायले गेले की मामाजी पोहे यायच्या आधी घरामागं. एका ठिकाणी भावी सासऱ्याले सांगून आले, "तुमच्या न्हाणीचं पाणी पायव्यात चाललं, पाच वर्षांत कोपरा बसते." सासरा म्हणे आमी पोरगी दाखवायले बोलावलं की कोपरा? असं करत वय पस्तिशीले टेकलं. मग आमगावकडचं एक स्थळ आलं. मी तेव्हा ह्या घरचा जवाई नव्हतो, नुसता पेंटर होतो, पण जीप चालवायले कोणी नव्हतं म्हणून मलेच नेलं. जीप मी घराच्या बाजूलेच लावली होती, तिथून मागचं सारं दिसे, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मामाजी नेहमीसारखे मागं गेले. तिथं एक पोरगी भांडे घासून राहिली होती. मामाजी भिंतीले नाक लावून उभे, तिनं एकदा पाहिलं अन् राख लावलेल्या हातानंच वर दाखवलं. "छपराच्या कवेलूखालची नाली फुटली तिथं. चार वर्षं सांगून राहिली, पण ह्या घरात कोणी ऐकून नाही राहिलं."

मामाजीनं नाक काढलं. "मग हे लाल कायचं?"

"आंब्याची सावली पडते. सकाळचं ऊन नाही लागत तिथं."

"काळं कधी होते?"

"दिवाळीनंतर. तुमी काय पेंटर आहात का जी?"

"पेंटर तो तिकडं जीपमध्ये झोपला," मामाजी म्हणाले. मी झोपलो नव्हतो, पण जाऊ द्या. मामाजी ओसरीत आले अन् उभ्याउभ्याच म्हणाले, "मले पसंत आहे." पोरीचा बाप घाबरला. "अजून पोरगी बाहेर आलीच नाही ना!" मामाजी म्हणाले, "घरामागं आहे. पाहिली."

त्या आमच्या मामी. अन् आता मी जी चूक केली ती सांगतो, कारण ह्या सगळ्या गोष्टीत माझं काम तेवढंच आहे. आमच्याकडे लगनघर ओळखू येते भिंतीवरून. रस्त्याकडच्या भिंतीवर पेंटर 'शुभ विवाह' लिहिते, नवरानवरीचं नाव काढते, दोन बाजूले दोन हत्ती, मधात कलश. मामाजीची उत्तरेची भिंतच रस्त्यावर येते, ते काम माझ्याकडे आलं. आता मले अक्षर येत नाही. शाळेच्या मास्तरनं कागदावर लिहून दिलं की मी ते भिंतीवर मोठं काढतो. मले हत्तीची सोंड अन् वेलांटी सारखीच. फरक एवढा की अक्षरं लोक वाचू शकतात अन् माझे हत्ती पाहून म्हैस कायले काढली विचारतात. नावं निळी पाहिजे होती. मामाजी म्हणाले, कोनाड्यात नीळ आहे, चुन्यात टाका. कोनाड्यात दोन पुड्या होत्या, दोन्ही कागदाच्या, दोन्ही निळ्या. एक पांढऱ्या कपड्यायले द्यायची नीळ. दुसरं मोरचूद, लिंबाच्या झाडावर रोग पडला की चुन्यात कालवून मारतात ते. मी कोणती घेतली हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. रंग असा सुंदर आला, आभाळासारखा, की मी स्वतःच म्हटलं, वा रे पेंटर!

पहिल्या पावसाळ्यातच सगळा रंग उडाला. मामी नवीन नवरी, अन् दारातल्या भिंतीवर तिच्या नावाचा ठिपका राहिला नाही. गावानं मले नाव ठेवलं, 'एका पावसाचा पेंटर'. माझ्या लगनाच्या वेळी माझा सासरा हेच म्हणत होता, की ज्याचा रंग एका पावसात जाते त्याले पोरगी काऊन द्यायची? मामाजीच मधात पडले. म्हणाले, "रंग कच्चा आहे, माणूस पक्का आहे." माणसाचंही तसं काही खरं नव्हतं, पण लगन झालं.

मग तिसऱ्या का चौथ्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी, मी मामाजीच्या गावात सासुरवाडीच्या बैलायची शिंगं रंगवून द्यायले गेलो होतो. रस्त्यावर लोक जमून उभे. मले वाटलं अपघात झाला. पाहतो तर मामाजीची पूर्ण भिंत हिरवीगार, मखमल पांघरल्यासारखी, अन् त्या हिरव्यात स्वच्छ पांढरी अक्षरं. माझीच. 'शुभ विवाह', मामाजीचं नाव, मामीचं नाव, दोन म्हशी, म्हणजे हत्ती. जिथं जिथं माझा ब्रश फिरला होता तिथं काईनं पाय ठेवला नव्हता. प्रत्येक अक्षराखाली पाणी ओघळलं तेवढी पांढरी दाढी. ब्रश नाही, रंग नाही, माणूस नाही, अन् भिंतीनं आपल्या मनानं नावं लिहिली! एक म्हातारी तर हात जोडून उभी होती.

मामाजीनं मले बाजूले घेतलं. "पुडी कोणती घेतली होती?" मी म्हटलं, "निळी." "दोन्ही निळ्या होत्या." मी म्हटलं, "मोठी." मामाजी मोठ्यानं हसले. असे हसताना मी त्यायले कधी पाहिलं नव्हतं. "मोरचूद! काईले ते चालत नाही. रंग गेला, पण त्याचा कडूपणा भिंतीत मुरून बसला. जवाईबापू, तुमी गधे आहात." अन् मग गळ्यात हात टाकून म्हणाले, "असंच राहा."

तेव्हापासून दरसाल तेच. पावसाळ्यात नाव उगवे, उन्हाळ्यात काळ्यात बुडे. आमच्याकडे जुना माणूस बायकोचं नाव तोंडानं घेत नाही. मामाजी तर मामीले हाकसुद्धा मारत नव्हते, भिंतीवर दोन बोटं वाजवत, की मामी येत. मामी त्या भिंतीखाली उभ्या राहून टोमणा मारत, "तुमी तर कधी घेतलं नाही. भिंत पाहा, चार महिने घेऊन राहिली." मामाजी लाजून विषय बदलत, काईशेजारच्या राखाडी पापुद्र्याकडे बोट दाखवून सांगत की हे मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावकीतलं आहे. मामी म्हणत, "मग आजच्या भाजीत तुमची भिंतच खरडून टाकते."

एका साली मी जास्तीची हुशारी केली. मामाजीले खूश करावं म्हणून, ते गोंदियाले गेले असताना, भिंत तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केली. घासून मागं सरकलो अन् भिंत पाहिली. अक्षरं गायब! मी दगडावर बसून रडलो, चाळीस वर्षांचा माणूस. मामाजी आले, पाहिलं, म्हणाले, "रडता कायले? काई गेली म्हणून नाव दिसून नाही राहिलं. अक्षर काईनंच उभं राहते, बापू. ती येईल तेव्हा तेही येईल." अन् पुढच्या पोळ्याले आलं. फक्त वरून रंग कधी बसू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. रंग बसला की काई वेगळी, भिंत वेगळी, मग खालचं खालीच राहिलं.

तीन वर्षांमागं मामी गेल्या. आजार महिनाभराचा. मामाजी पावसात भिंतीजवळ जास्त वेळ उभे राहायले लागले. त्यातच काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, राहिली तेवढी सांभाळा. आता त्यायले उजेड कळते, माणूस कळत नाही. मागच्या श्रावणात तिथंच शेवाळलेल्या फरशीवर घसरले अन् मनगट मोडलं. त्यायचा पोरगा नागपूरले नोकरीत आहे, गुणी पोरगा. त्याचं लगन ह्या वैशाखात ठरलं. त्यानं मले सांगितलं, "भाऊजी, पूर्ण घर रंगवा. उत्तरेची भिंत पहिले. मी रंग आणला आहे, त्याच्यावर काई चढतच नाही. बाबा एक दिवस तिथं डोकं फोडून घेतील." तो चुकीचं बोलत नव्हता, तेच तर वाईट होतं. मी मामाजीकडे पाहिलं. ते खाटेवर बसून मनगट चोळत म्हणाले, "पोराचं लगन आहे. रंगवून टाका."

दोन दिवस मी बाकीच्या भिंती रंगवल्या. तिसऱ्या दिवशी उत्तरेची धुतली. बांबूच्या परांचीवर चढलो, हाताशी रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराची बादली, हाती ब्रश. खाली मामाजी खुर्ची टाकून बसले, तोंड भिंतीकडे. मी ब्रश बुडवला. भिंत कोरी होती, काही दिसत नव्हतं, पण मले माहीत होतं कुठं कोणतं वळण आहे, मीच काढलं होतं. हात उठला नाही. मग मी पायानं बादली ढकलली. पूर्ण अस्तर खाली मातीत. एवढ्या वर्षांत मी इतक्या बादल्या सांडल्या आहेत की ही मुद्दाम सांडली असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पोरगा धावत आला. "भाऊजी! झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "माझा पायच असा आहे, बावा."

त्यानं सांडलेल्या पांढऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मामाजीनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. पोरगा हळूच म्हणाला, "दुसरी बादली आणू का, बाबा?" मामाजी म्हणाले, "तुझ्या मनानं कर." पोरगा म्हणाला, "राहू द्या. फरशी उखडून तिथं गिट्टी टाकतो, म्हणजे पाय घसरणार नाही. पण भाऊजी, माझं नाव मात्र ह्याच भिंतीवर पाहिजे." मामाजी उठले, चाचपत घरात गेले अन् कोनाड्यातून पुडी घेऊन आले. हुंगून पाहिली. "ह्या वेळेस चुकू नका," मले म्हणाले, "मागच्या वेळचीच चूक करा."

मी शिडी लावली, वरच्या मोकळ्या जागेत. शिडीचा आवाज ऐकूनच मामाजी ओरडले, "वर कायले चढून राहिले? वर लिहिलं तर पावसात त्याचं पाणी खाली उतरते. खालची काई मरते. मग तिचं नाव कायच्यात उभं राहील?" मी उतरलो. पोराचं अन् सुनेचं नाव आईबापाच्या नावाच्या खाली लिहिलं. वरात आली तेव्हा पाहुणे म्हणत होते, पूर्ण घर रंगवलं अन् दर्शनी भिंत तशीच, पेंटरचा रंग सरला का? मी म्हटलं, हो, सरला.

परवा पोळा झाला. मी गेलो होतो. भिंत भरून हिरवी झाली. खालची नवीन नावं अशी कोरीव की रस्त्यावरून वाचावी, म्हणजे तुमी वाचावी. अन् वर, जुनी नावं. सत्तावीस वर्षांत मोरचूद झिजत आलं. मामाजीच्या नावाचं अर्धं काईनं घेतलं. मामीच्या नावाची काही वळणं राहिली, तीही दोन्हीकडून बारीक होऊन राहिली. मामाजी गिट्टीवर उभे राहून बोटांनी चाचपत होते. हिरवं मऊ लागते, अक्षर खरखरीत. एका जागी बोट थांबलं, पुढं वाट मिळेना.

"इथं काय आहे, जवाईबापू?"

"मले कुठं वाचता येते जी?"

"वाचायले कोणी सांगितलं? काढा." अन् त्यायनं तळहात पुढं केला.

मी भिंतीवरच्या ओलीत बोट बुडवलं अन् मास्तरच्या कागदावरचं ते चित्र, जसं सत्तावीस वर्षांआधी काढलं होतं तसंच, त्यायच्या हातावर काढलं. पहिलं वळण. दुसरं. मग ती सोंड. मामाजी डोळे मिटून उभे होते. माझं बोट थांबलं, अन् मामाजीनं मामीचं नाव घेतलं. पूर्ण, हळू, स्वच्छ. मले ते नाव माहीत होतं, सगळ्यायले माहीत होतं. त्यायच्या तोंडून कोणीच ऐकलं नव्हतं.

मग मूठ मिटली. "तुमचा हत्ती आतापण म्हैसच लागते हाताले," म्हणाले, अन् ती ओली मूठ तशीच मिटलेली ठेवून, गिट्टीवर एकेक पाय टाकत घरात गेले.